दोन चिंचांचं घर

त्या मंगळवारी आमच्या शेताच्या मधोमध लाबेजा मामा खुर्ची टाकून बसला होता.

खुर्ची चर्चची, निळ्या प्लास्टिकची. दिवस तिळाच्या पेरणीचे. आमच्याकडे कुदळीचं काम कोणी एकटा करत नाही. चौदा घरांची टोळी असते, आज ह्याचं रान, उद्या त्याचं. त्या दिवशी पाळी आमची होती, म्हणजे माझी आणि आईची. माणसं उजाडताच कुदळी खांद्यावर टाकून आली आणि मामाकडे बघत उभी राहिली. मामा टेकडीकडे बघत होता. जणू टेकडीनेच त्याला भेटायची वेळ दिली होती.

टोळीला एक म्होरक्या असतो. कुणी कुठे खणायचं, कुणाचा बांध कुठे, ते तोच सांगतो. आमचा म्होरक्या ओलान्या आजोबा. त्याने नेहमीसारखी काठीने मापं टाकली, ज्याला त्याला पट्टी वाटून दिली आणि खुर्चीजवळ येऊन थांबला.

"लाबेजा, ऊठ."

"नाही उठत."

"मग बस. पाय तेवढे जपून ठेव."

आम्ही खणायला लागलो. चौदा कुदळी चारी बाजूंनी मामाच्या दिशेने सरकत गेल्या आणि खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबल्या. दुपारपर्यंत सगळं शेत तांबडं झालं आणि मधे हिरव्या गवताचा एक गोल तुकडा उरला, त्यावर मामा. डोक्यावर टोपी नाही. मामी पाणी घेऊन आली, खणलेल्या मातीकडे बघून तिने आधी चपला काढल्या, मग त्या हिरव्या बेटावर गेली.

पाणी पिऊन मामाला आवाज फुटला.

"पोरगा बापाच्या घरी कुदळ मारतो. हे मी नाही काढलेलं, आजोबांच्या आजोबांनी काढलंय. माझ्या पोराचं, ओकोंगाचं लग्न ठरलंय. त्याला काय वारूळ देऊ?"

"तुझा सख्खा भाचा आहे तो," ओलान्या म्हणाला.

"आहेच ना. लढाई संपून सरकारी छावणीतनं परत आलो तेव्हापासून माझ्या चुलीवर जेवलाय. मी कधी ताट मोजलं? पण भाचा म्हणजे पाहुणा. पाहुण्याने जेवावं. पाहुणा पेरत नाही."

"आणि त्याची आई, लामुनू? ती तर ह्याच घरची."

"बाई नवऱ्याच्या घरची. नवरा कुठाय? गवतात. मग जा म्हणावं, गवतात जाऊन तीळ पेरा."

चौदा माणसांनी आपापल्या कुदळीची धार तपासली. लढाईच्या दिवसांत बंदुका घेऊन रानात राहणाऱ्यांना आमच्याकडे 'गवतातले' म्हणतात. माझा जन्म तिथला. माझं नाव ओतीम, म्हणजे घराबाहेर जन्मलेला. नाव आईने ठेवलं. किती बाहेर, ते तिने नावात घातलं नाही.

आई एवढा वेळ मुळ्या वेचत होती. मुळ्यांची जुडी बांधावर टाकून ती हात झटकत उभी राहिली.

ओलान्या आजोबाने निकाल दिला. "तीळ टाकायला तीन आठवडे आहेत. लामुनू, पोराच्या बापाचं घर शोध. सापडलं तर तो तिथे पेरेल. नाही सापडलं तर ही पट्टी ओकोंगाची. मला आवडतंय असं समजू नकोस. पण तुझ्या भावाच्या खुर्चीभोवती दर वर्षी खणत बसायला माझी कंबर राहिलेली नाही."

घरी जाऊन आईने नाचणीचा गोळा केला, चवळीच्या पाल्यात तिळाचं वाटण घातलं. आम्ही जेवलो. मग ती म्हणाली, "लामोग."

"काय लामोग?"

"तो म्हणायचा, घर लामोगला. टेकडीखाली. दारात दोन चिंचा. धाकटी चिंच विजेने चिरलेली."

वीस वर्षांत बापाबद्दल मी एवढं पहिल्यांदाच ऐकत होतो. मला एवढंच माहीत होतं की त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. कारण एकदा लुटीत औषधांचं खोकं त्याच्या डोक्यावर आलं होतं. खोक्यात जनावरांची औषधं होती. तरी डॉक्टरच. आई तेरा वर्षांची असताना तिला शाळेच्या वाटेवरून उचलून नेलं आणि पंधराव्या वर्षी, पोरींची वाटणी झाली तेव्हा, डॉक्टरच्या वाट्याला दिली. "नको" म्हणायची सोय त्या वाटणीत नव्हती. पुढे एका सकाळी तो टेहळणीला गेला आणि आलाच नाही. मग मला पाठीशी बांधून आई नऊ दिवस चालत आली. हे मला तिने सांगितलेलं नाही. छावणीतल्या बाया सांगायच्या, मी समोर असताना, मी नसल्यासारखं.

"पण गवतात कोण खरं घर सांगतं?" मी म्हणालो. "पळून गेलं तर घरावर धाड घालायचे ना?"

"म्हणून तर वीस वर्षं गेले नाही," आई म्हणाली. "भांडी घास."

लामोगला आम्ही मोटारसायकलवरून गेलो. पुढे मोटारसायकलवाला, मागे आई, तिच्या मागे मी, माझ्या काखेत भेटीची कोंबडी. वाटेत कोंबडीने माझ्या एकुलत्या एक शर्टावर आपलं मत नोंदवलं. बापाच्या घरी पहिल्यांदा जायला मी असा तयार झालो.

टेकडी होती. चिंचा दोन होत्या. धाकटी बुंध्यापासून वर चिरलेली होती, आणि चिरेत कुणीतरी कोयती अडकवून ठेवली होती.

दारात एक म्हातारा दोर वळत बसला होता, पायाच्या अंगठ्यात सूत धरून. त्याचं नाव जेकेरी. बायको सेरिना आत तीळ पाखडत होती. आईने नमस्कार करून विचारलं, "ह्या घरातलं कोणी गवतात नेलं होतं का?"

म्हाताऱ्याच्या अंगठ्यातून दोर सुटला.

"ओजारा," तो म्हणाला. "दळण घेऊन गेला होता. तेवीस वर्षं झाली. पीठ काही आलं नाही."

"हा त्याचा असावा," आई म्हणाली आणि मला पुढे केलं.

त्यानंतर जे झालं ते मी बैलबाजारात पाहिलेलं आहे. म्हातारीने माझे कान ओढून पाहिले, मग टाचा, मग मला वळवून मानेवरचा खळगा. "हे बघा, हा खळगा ओजाराचाच!" माझ्या मते तो खळगा जगातल्या प्रत्येक माणसाला असतो, पण ती वेळ ते सांगायची नव्हती. "डावखुरा आहेस?" "नाही." "ओजारापण नव्हता!" म्हातारी रडायलाच लागली. शेजारपाजारचे जमले. कुणीतरी उंबऱ्यावर अंडं ठेवलं. बरीच वर्षं बाहेर राहून घरी आलेल्याने अंडं पायाने फोडून आत यायचं असतं, म्हणजे बाहेरचं बाहेर राहतं. मी पाय ठेवला. अंड्याचा बलक बोटांच्या बेचक्यांतून वर आला, गार. इतक्या माणसांनी माझ्या पायाकडे प्रेमाने बघण्याची ती पहिलीच वेळ.

जेवणात कोंबडीचा पेटा, म्हणजे तिच्या पोटातली दाणे दळणारी गाठ, माझ्या ताटात आला. आमच्यात पेटा घरच्या कर्त्या पुरुषाचा. मामाच्या घरी अकरा वर्षांत मला मान आणि पाय ह्यांच्यापलीकडची कोंबडी ठाऊक नव्हती. मी पेटा चावत राहिलो. तो रबरासारखा लागतो. पण मी कुणाला बोललो नाही.

जेवल्यावर सेरिनाने पत्र्याच्या पेटीतून फोटो आणला. शाळेचा. पांढरा सदरा, बटण गळ्यापर्यंत, चेहऱ्यावर फोटोवाल्याची भीती. आईने तो दोन्ही हातांत धरला आणि धरूनच बसली. मग म्हणाली, "पाणी देता का जरा?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांच्या रानात लागलो. रान मोठं आणि राबणारी दोनच म्हातारी माणसं; निम्म्या जमिनीत पुरुषभर उंच गवत. मी गवत कापायचो, आई मागून कुदळ मारायची. दुपारी जेकेरी काठी टेकत यायचा आणि हद्द दाखवायचा. "ही वारुळाकडची पट्टी. ती ओढ्याकडची, तिथे तीळ काय, दगड पेरला तरी उगवेल. ओजाराची होती. आता तुझी." मी हातभर फुगत चाललो होतो. हाताला फोड आले तेही मला माझ्या मालकीचे वाटत होते.

चौथ्या दिवशी कुदळ मारता मारता आई म्हणाली, "तो हा नाही."

"कोण हा नाही?"

"फोटोतला. डॉक्टर नाही तो."

मी थांबलो. ती थांबली नाही. कुदळ वर, कुदळ खाली, आणि मधे मधे शब्द.

"हा दोरीत माझ्या पुढे होता. आम्हाला दोरीने कमरेला बांधून चालवायचे ना, तेव्हा. नाव विचारायला बंदी होती. डोक्यावर पिठाची पिशवी. पायांत बूट, लहान झालेले. अस्वा नदीपर्यंत पाय एवढे सुजले की बूट निघेनात. तिथे त्याला दोरीतनं सोडला आणि मागे ठेवला."

मागे ठेवणं म्हणजे काय, ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

"आणि डॉक्टर?"

"पहाऱ्यावर होता. चालता चालता सगळ्यांना विचारायचा, घर कुठे, दारात काय. गोड बोलायचा. ह्याने सांगितलं असणार."

म्हणजे झालं होतं ते असं. माझ्या बापाने एका मेलेल्या पोराचा पत्ता उचलला आणि आपला म्हणून वापरला. लोकांना बापाकडून रान मिळतं, बैल मिळतात. मला चोरलेला पत्ता मिळाला होता, आणि मी तो घेऊन ज्यांचा चोरला त्यांच्याच दारात आलो होतो. कोंबडी घेऊन.

"आई," मी म्हणालो, "मी अंडं फोडलंय."

"पाहिलं मी."

"फुटलेलं अंडं परत जुळत नाही. त्यांना नातू मिळाला, मला रान मिळालं. ह्यात नुकसान कुणाचं?"

"ती म्हातारी अजून रोज त्याच्या जेवणाचा एक वाटा झाकून ठेवते," आई म्हणाली. "सकाळी कोंबड्यांना घालते."

"ठेवू दे की! कोंबड्यांचं भलं होतंय."

आईने कुदळ जमिनीत रुतवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी मामाकडे परत जाऊन मोलाने खणीन. मला सवय आहे. पण रान तुझं जायचंय, म्हणून मी बोलणार नाही. तू बोल, नाहीतर गप्प बस. मी दोन्ही ऐकीन."

तिने परत कुदळ उचलली. पुढचे दोन दिवस मी गप्प बसलो. मला वाटायचं गप्प बसणं सोपं असतं, त्यात काही करावं लागत नाही. पण त्या दोन दिवसांत माझी कुदळ तीनदा दांड्यातून निसटली.

सातव्या दिवशी दुपारी जेकेरीने दोन बोकड आणून चिरलेल्या चिंचेला बांधले.

"उद्या तुझ्या मामाकडे जाऊ. पोर आपल्या कुळात घ्यायचं तर आईच्या माहेरी बोकड द्यावे लागतात. एरवी पोर आईच्याच माहेरचं राहतं. त्याआधी आज पूर्वजांच्या ठाण्यापाशी सांगायला हवं." तो दगडावर बसला. "एकच अडतंय. ओजाराचं नाव घेताना कसं घेऊ? जिवंत म्हणून की गेलेला म्हणून? जिवंताचं गेलेल्यात घेतलं तर तो मरतो. गेलेल्याचं जिवंतात घेतलं तर तो दारात ताटकळतो. लामुनू, पोरी, तू त्याच्याबरोबर राहिलीस. तूच सांग. तो येईल का?"

सेरिनाचं सूप थांबलं.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती मुद्दाम बोकडांकडे बघत होती. एक बोकड माझ्या पायाशी येऊन माझी चड्डी खायला लागला होता. मी ती सोडवली नाही.

"नाही येणार," मी म्हणालो. "आणि आजोबा, मी त्याचा नाही."

मग मी सगळं सांगितलं. वाईट सांगितलं. आधी डॉक्टर, मग जनावरांची औषधं, मग परत मागे जाऊन दोरी. कुणी हसलं नाही, आणि मला जन्मात पहिल्यांदा वाटलं की मी हसण्यासारखं काही बोललो नाही ते बरं झालं. जिथे माझं अडलं तिथे आईने पुढे नेलं. नदी तिने सांगितली.

जेकेरीने काठी बाजूला ठेवली.

"बूट काळे होते?"

"हो," आई म्हणाली. "उजव्याला दोरा बांधलेला."

"मी म्हणालो होतो, कापूस निघाला की नवे घेऊ." त्याने दोन्ही तळवे मांड्यांवर उलटे ठेवले. "कापूस बरा निघाला होता त्या वर्षी."

सेरिनाने विचारलं, "कुणाला हाक मारली त्याने?"

"नाही मारली," आई म्हणाली. "माझी पाण्याची बाटली खाली पडली होती, ती उचलून दिली. मग आम्ही पुढे गेलो."

"दिली?"

"दिली."

म्हातारी उठून घरात गेली. आतून काही आवाज आला नाही. आवाज न येणं इतकं लांबलं की शेजारच्या बाया आपणहून आल्या.

ज्याचं शरीर मिळत नाही त्याच्या जागी आम्ही यागोचं फळ पुरतो. यागोचं झाड ओढ्याकाठी होतं. फळं लांब दांड्यांना लोंबकळतात, हातभर लांब, मांडीएवढी जाड. जेकेरीने एक दाखवलं, मी चढून तोडलं. मला वाटलं होतं भोपळ्यासारखं असेल. लहान पोराएवढं जड निघालं. मी ते खांद्यावर आणलं आणि वाटेत दोनदा नकळत थोपटलं.

खड्डा मीच खणला, दोन चिंचांच्या मधे. दुसरं खणणारं कोण होतं? माती वर कोरडी, खाली ओली, कुदळीला चिकटायची. सेरिनाने फळाला जुनं पांढरं कापड गुंडाळलं आणि त्यावर झाकून ठेवलेला वाटा ठेवला. त्या दिवशी कोंबड्यांना काही मिळालं नाही.

मातीवर शेवटचा हात फिरवून मी आईला म्हणालो, "निघू या." गाठोडं बांधलेलंच होतं. कुठे निघायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. बापाचं घर सापडलं नव्हतं, म्हणजे पट्टी ओकोंगाची, आणि त्याने एव्हाना मामाच्या खुर्चीखालचं बेटसुद्धा खणलं असणार. शर्ट सेरिनाने धुवून दिला होता. त्यात आणखी वाईट वाटत होतं.

"कुठे?" जेकेरीने विचारलं.

"घरी, आजोबा."

"पुरुष गेला की घरातल्याने तीन दिवस उंबरा ओलांडायचा नाही. शिकवलं नाही का कुणी?"

"घरातल्याने ना?" मी म्हणालो.

"बस खाली," तो म्हणाला.

बसलो. तीन दिवस लोक येत होते, काही माझ्याकडे बघून शेजारच्याच्या कानाला लागत होते. एक दाढीवाला उघडच म्हणाला, "जेकेरी, ज्याने तुझं पोर दोरीत बांधलं त्याचं पोर तू दारात बसवलंस?" मी आपल्या पायांकडे पाहिलं.  लहानपणापासून असं कोणी बोललं की मी फक्त तोंड वाकडं करून वेळ मारून नेत आलो.

"त्या दोरीत ही पोरगीपण होती," जेकेरी म्हणाला. "तिचं पोर आहे ते. तू चहा घेणार की जाणार?"

दाढीवाल्याने चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुंडण. घरातली माणसं चिंचेखाली बसली, सेरिनाचा भाऊ पातं घेऊन आला. आधी जेकेरी. मग सेरिना. पांढरे केस मातीवर पडत होते आणि वाऱ्याने बोकडांकडे जात होते. मी आणि आई अंतर ठेवून लाकडं फोडत होतो.

"लामुनू," सेरिनाने हाक मारली. डोकं उघडं, कान मोठे दिसत होते तिचे. "ये. मग त्याला पाठव. पातं बोथट व्हायच्या आत या."

आईने कुऱ्हाड ठेवली. लगेच गेली नाही. पदराने तोंड पुसलं, परत पुसलं, मग जाऊन पुढ्यात बसली. तिने मान खाली घातली तेव्हा मला तिच्या मानेवरचा खळगा दिसला. माझ्या वेळेला पातं बोथट झालेलंच होतं. डोळ्यांतून पाणी आलं त्याला तेच कारण होतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

जेकेरी समोर बसून बघत होता.

"तिळाला उशीर होतोय," तो म्हणाला. "उद्यापासून लागायला हवं. मामाच्या शेतात आता तुझं काही नाही ना? मग वारुळाकडची पट्टी घे."

"आजोबा," डोकं खाली असल्यामुळे मी जमिनीशीच बोललो, "जमलं तर ओढ्याकडची द्या. तिथे दगडपण उगवतो म्हणालात."

"ती नाही मिळणार."

"का?"

"ती लामुनूला दिली. तिच्या नावाने. आमच्या टोळीच्या म्होरक्यासमोर बांधावर झाडं लावून देतोय उद्या. तुला हवी असेल तर तिच्याकडे माग."

मी मान वळवली, पातं कानाला लागलं. आई चिंचेला टेकून आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत बसली होती, दुसऱ्याच कुणाचं डोकं असल्यासारखं.

"आई, ओढ्याकडची पट्टी देशील?"

आईने डोक्यावरचा हात खाली घेतला.

"बघू," ती म्हणाली.